विश्लेषण : डॉज, प्लिमथ कुर्ल्यात कशा आल्या? मोटारीच्या इंजिनासाठी झगडणारे वालचंद हिराचंद कोण होते?

मसल कार म्हटले की डोळ्यांसमोर डॉज चार्जर येते. सिनेमात, गेममध्ये, रील्समध्ये तीच दिसते. लांबलचक बॉनेट, त्याखाली सात लिटरचे व्ही-एट इंजिन आणि सुरू करताच अंगावर येणारा आवाज. मात्र हीच डॉज आणि तिची सख्खी बहीण प्लिमथ एकेकाळी मुंबईत, कुर्ल्यात जोडली जात होती, हे फारसे कुणाच्या गावी नसते. त्यासाठी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करणारा माणूस सोलापूरचा होता. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

आमच्यासारख्या इंजिनीअरिंग केलेल्यांसाठी वालचंद हे सांगलीच्या कॉलेजचे नाव. प्रवेशाच्या यादीत कुठल्या फेरीला लागते याची चर्चा व्हायची, ते कोणाचे नाव आहे हे विचारायला वेळ नसायचा. सिंधुदुर्गातूनही दरवर्षी मुले तिथे जातात. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजला वालचंद यांचे नाव मिळाले ते त्यांच्या निधनानंतर, १९५५ मध्ये.

सिंधुदुर्गाशी त्यांचा काय संबंध?

घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना बोटीबद्दल विचारून पाहा. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत मुंबईची बोट लागायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या तिच्यावर चढवल्या जायच्या. या किनाऱ्यावर प्रदीर्घ काळ बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे सिंदिया कंपनीच्या ताब्यात आली आणि सिंदियाचे सर्वेसर्वा वालचंद होते. म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत मालवणहून निघालेला चाकरमानी त्यांनी उभ्या केलेल्या उद्योगाच्या बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि पुढे परळ-लालबागला जायला फियाट टॅक्सी केलीच, तर तीही त्यांच्याच कारखान्यातली असे.

या टॅक्सीचा शेवटचा अध्याय अलीकडचाच. मुंबईतली अखेरची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा समाजमाध्यमांवर हळहळ झाली, फोटो फिरले. पण ती गाडी ज्या कारखान्यातून आली, तो उभा करताना नेमके काय घडले, याची आठवण फार कमी जणांनी काढली.

रेल्वेच्या मातीकामापासून सुरुवात

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घर गुजराती जैन, आडनाव दोशी; व्यवसाय कापूस-धान्याचा आणि सावकारीचा. शिक्षणासाठी ते मुंबई-पुण्याला गेले, पण पदवी घेतली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. विशीतच त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेतले कारकून होते, कामाची माहिती त्यांच्याकडे आणि भांडवल वालचंद यांच्याकडे. बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून ही भागीदारी सुरू झाली. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी त्यांचीच.

जहाजाची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात हवी. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे लॉयल्टी नावाचे एक जहाज होते. युद्धात ते रुग्णालय म्हणून वापरले गेले होते आणि आता विकायला निघाले होते. वालचंद यांना जहाजांचा काहीच अनुभव नव्हता. तरी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन त्यांनी ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

धंदा म्हणून मात्र तो प्रवास फसला होता. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडले, माल मिळू दिला नाही. चारच वर्षांत लॉयल्टी भंगारात गेले. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांशी तडजोड करून सिंदियाला स्वतःला बरीचशी किनारी वाहतुकीपुरती आवरून घ्यावी लागली. वालचंद यांच्या पुढच्या सगळ्या उद्योगांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. परकी कंपनी आधीच बाजारात बसलेली, सरकार तिच्या बाजूने आणि यांच्या हातात परवानगी नाही.

मोटारीचा विचार कुठून आला?

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला. काही काळातच फोर्डही आली. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे आणि गाडी बाहेर पडायची. इंजिन मात्र बंदच्या बंद परदेशातून येई.

इथे थोडे तांत्रिक बोलायला हवे, कारण पुढचा सगळा झगडा याच मुद्द्यावर आहे. गाडी जोडणे आणि गाडी बनवणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चासीला चाके लावायला पाने आणि पुली पुरतात. इंजिन करायचे तर सिलिंडर ब्लॉकचे ओतकाम लागते, ज्यात हवेचा बुडबुडा राहिला तर ब्लॉक तडकतो. क्रँकशाफ्ट घडवायला मोठे हॅमर लागतात, तो घासायला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक ग्राइंडर लागतात. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, कार्ब्युरेटर, प्लग या प्रत्येकासाठी वेगळा कारखाना लागतो. त्यामुळे ज्या देशात इंजिन बनते, त्या देशात यंत्र-उद्योगाची आख्खी साखळी उभी राहते. नुसत्या जोडणीने ती राहत नाही.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हे ओळखले होते. तिशीच्या दशकाच्या मध्यात त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून भारतात मोटार बनवण्याची योजना तयार केली. ती अंगावर घेणारा उद्योजक म्हणून वालचंद पुढे आले. १९३७ नंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, त्याची सहानुभूती होती. पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार गेला.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. आधी फोर्डशी बोलणी केली. फोर्डच्या व्यवस्थेत भारताची बाजारपेठ कॅनडातील कंपनीच्या वाट्याला होती आणि भारतीयाच्या मालकीच्या कारखान्यात त्यांना रस नव्हता. मग क्रायस्लर. डॉज, प्लिमथ, डी-सोटो ही तिचीच नावे. क्रायस्लरने तयारी दाखवली आणि १९४० मध्ये करार झाला.

सरकारने मोडता घातला

दुसरे महायुद्ध सुरू झालेले. लष्कराला हजारो ट्रक हवे होते. अशा वेळी देशात मोटार कारखाना निघतोय म्हटल्यावर सरकारने हात पुढे करायला हवा होता, असे आपल्याला वाटते. झाले उलटे. हा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. यंत्रे आणायला डॉलर नाहीत, आयातीची परवानगी नाही. म्हैसूर संस्थान भागीदारीला उत्सुक होते, त्यालाही मागे ओढले गेले. लष्कराचे ट्रक मात्र परदेशी कंपन्यांकडूनच येत राहिले.

याच काळात दोन गोष्टी त्यांनी करून दाखवल्या. अमेरिकेच्या त्या दौऱ्याहून परतताना विमान प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी पडली. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरुला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली, म्हणजे आजची एचएएल. पुढच्या वर्षी तिथे पहिले विमान जोडून झालेसुद्धा. १९४२ मध्ये जपानी सैन्य जवळ येताच सरकारने ती स्वतःच्या ताब्यात घेतली. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तिथले जलउषा हे जहाज नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरायला मार्च १९४८ उजाडला.

आणि तिसरी, जिची चर्चा कमी होते ती साताऱ्याची. धनजीशा कूपर यांचा सातारा रोडला नांगर आणि डिझेल इंजिनांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४० मध्ये हा कारखाना वालचंद यांच्या समूहाकडे आला. मोटारीच्या इंजिनाला परवानगी मिळत नव्हती तेव्हा शेतीच्या इंजिनाचा कारखाना तरी त्यांच्या हाती आला होता. माझ्या मते त्यांच्या मोटारीच्या गोष्टीत या कारखान्याला मिळते त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी. एका सिलिंडरचे, मंद गतीचे डिझेल इंजिन दिसायला ओबडधोबड असते. पण ओतकाम, बोअरिंग, इंधनपंपाची जुळणी हे सगळे कसब त्यात येतेच.

कुर्ल्यातून पहिली गाडी

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. मार्च १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, प्रीमियरची पहिली वाहने बाहेर पडली. गाडी एकच, नावे तीन. विक्रेत्यानुसार तिच्यावर डॉज, प्लिमथ किंवा डी-सोटोचे चिन्ह लागे. ट्रकांचेही तसेच. त्यातले फार्गो हे नाव जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी अजून असते.

या गाड्यांत होते क्रायस्लरचे साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडरचे इंजिन. क्षमता साधारण ३.६ लिटर, शक्ती शंभर अश्वशक्तीच्या आत-बाहेर. आज सव्वा लिटरची टर्बो गाडीही त्याहून जास्त ताकद देते. मग एवढे मोठे इंजिन करत काय होते?

साइड-व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. वरचे हेड एखाद्या झाकणासारखे सपाट. वायूला आत-बाहेर जायला वळसा पडतो, त्यामुळे इंजिन मोकळा श्वास घेत नाही आणि जास्त फेऱ्यांवर दम टाकते. कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण साधारण सातपट दाबले जाई. पण यातच त्याचा फायदा होता. तेव्हाचे पेट्रोल कमी ऑक्टेनचे. जास्त दाबले तर ठिणगीच्या आधीच पेट घेणार आणि इंजिन नॉक करणार. कमी कॉम्प्रेशनचे हे इंजिन कसलेही पेट्रोल पचवी. कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देई, त्यामुळे माणसांनी ठासून भरलेली गाडीही घाटात गिअर न बदलता चढे. हेड उतरवायचे तर बोल्ट काढून झाकण उचलायचे, गल्लीतला मिस्त्रीही ते काम करू शके.

मग मसल कारचे इंजिन वेगळे कसे?

याच क्रायस्लरने १९५१ मध्ये अमेरिकेत हेमी व्ही-एट आणले. हेमी म्हणजे अर्धगोल. ज्वलनकक्ष उलट्या वाटीसारखा, व्हॉल्व्ह वर आणि समोरासमोर तिरके, त्यामुळे वायू एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर. १९६४ मध्ये सात लिटरचे शर्यतीचे हेमी आले आणि डेटोनाच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेऊन गेले.

ते इंजिन १९६६ मध्ये रस्त्यावरच्या गाडीत घालताना क्रायस्लरच्या इंजिनीअरांनी केलेले बदल ट्यूनिंग शिकणाऱ्याने पाठ करावेत असे आहेत. शर्यतीत १२.५ असलेला कॉम्प्रेशन रेशो १०.२५ वर आणला, पंपावरचे पेट्रोल चालावे म्हणून. कॅमशाफ्ट सौम्य केला. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वर जोर मिळतो, पण सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन धडधडते आणि बंद पडते. एक्झॉस्टच्या लांब नळ्यांऐवजी ओतीव मॅनिफोल्ड बसवले. एवढे करूनही कागदावर ४२५ अश्वशक्ती उरली. थोडक्यात, रस्त्यासाठी इंजिन ट्यून करणे म्हणजे ताकद वाढवत नेणे नव्हे, तर पेट्रोल, उष्णता आणि रोजची रहदारी बघून ती कुठे सोडायची ते ठरवणे.

कुर्ल्यात हे इंजिन कधीच आले नाही. त्याची कारणे साधी. सात लिटरच्या इंजिनाला पेट्रोल कोण घालणार? पुढे तर महागाईमुळे इथल्या अनेक जुन्या डॉज-प्लिमथमधून मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. गाडीचा तोरा तोच, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. बाजार लहान गाडीचा आहे हे प्रीमियरला वालचंद यांच्या हयातीतच कळले होते. त्यातूनच इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी छोटी फियाट ५००, आणि १९५४ पासून फियाट ११००.

ते त्यांना बघायला मिळाले नाही

१९४९-५० च्या सुमारास वालचंद यांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये त्यांनी उद्योगांची सूत्रे खाली ठेवली. विशाखापट्टणमचा कारखाना १९५२ मध्ये सरकारच्या मुख्य मालकीत गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले. ज्यांच्याकडे भारतात टप्प्याटप्प्याने गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच राहायचे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पंधरा वर्षे वालचंद जे मागत होते, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मिळाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी

वालचंद यांना राष्ट्रीय उद्योगाचे शिल्पकार म्हणताना एक गोष्ट सुटते. ते ब्रिटिशांशी भांडले तसे त्यांच्याकडून मोठमोठी कंत्राटेही घेतली. पहिल्या महायुद्धातली लष्करी कामे हा त्यांच्या वाढीचा मोठा भाग होता. जोखीम घेण्याचा त्यांचा स्वभाव भागीदारांना झेपत नसे. आणि ज्या संरक्षणासाठी ते आयुष्यभर झगडले, त्याच संरक्षणाने पुढे त्यांच्या कंपनीला सुस्त केले. फियाट ११०० चे १०८९ सीसीचे, चाळीसेक अश्वशक्तीचे इंजिन नावे बदलत राहिले. १९७४ पासून पद्मिनी. आत फारसे काही बदलले नाही. नंबर लावून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे वाट बघत होते, मग बदलायचे कशाला? मारुती आल्यावर काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

म्हणून वालचंद चुकले, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांनी मागितलेली गोष्ट इंजिन इथे बनवण्याची मुभा ही होती. ते तीस वर्षे तसेच ठेवायचा निर्णय नंतरच्यांचा आणि त्यांना तसे करू देणाऱ्या परवाना पद्धतीचा.

या सुस्तपणाचा एक उपपरिणाम मात्र मजेशीर आहे. इंजिन बदलले नाही म्हणून ते सगळ्यांना पाठ झाले. फियाटचा मिस्त्री पॉइंटचा गॅप फीलर गेज न लावता नखाने बघायचा, टायमिंग आवाजावर लावायचा, टॅपेट ऐकून कुठला सैल ते सांगायचा. मे महिन्यात फोंडा किंवा आंबोली घाटात फ्यूएल पंप तापून पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी उभी राहिली, तर पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे, हे ड्रायव्हरच नव्हे तर मागे बसलेल्या बायका-मुलांनाही ठाऊक असायचे.

वालचंद यांचे सविस्तर इंग्रजी चरित्र १९६९ मध्ये आले. ते लिहिले गंगाधर देवराव खानोलकर यांनी. हे आडनाव ज्या खानोलीवरून येते, ती वेंगुर्ले तालुक्यात आहे.

कुर्ल्याचा कारखाना आता नाही. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबले आणि त्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी राहिली.